शहाऐंशी किलो चारशे ग्रॅम

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो बसला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडाची दोन वजनं बसली होती. तिघांत सर्वांत दमलेला तोच दिसत होता.

"जरा वाट द्याल का?" वरून उतरताना मी म्हटलं. सकाळची तुकडी सातला पाण्यात उतरते आणि सातला चार मिनिटं कमी होती.

तो धडपडत उठला. "सॉरी हं... हे वर न्यायचंय, प्रथमोपचाराच्या खोलीत. तुम्ही व्हा पुढे. नाही, नाही, राहू द्या, जड आहेत ती, वीस-वीस किलो—"

तोवर मी दोन्ही उचलली होती.

"मीही काही हलकी नाहीये," मी म्हटलं आणि जिना चढायला लागले.

तो मागून आला, हातात एक छोटी लाकडी पेटी घेऊन. वर पोचलो तेव्हा धाप त्यालाच लागली होती.

"तुम्ही रोज व्यायाम करता वाटतं."

"रोज माणसं ओढते."

त्याचा चेहरा असा काही झाला की मला दया आली. "पाण्यातून," मी खुलासा केला. "जीवरक्षक आहे मी, खालच्या तलावावर."

"अच्छा," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याचे कान आधी लाल होतात, ओठ नंतर हलतात. हे मी नको तितकं नीट पाहिलं आणि मग मला उशीर झाला.

आमच्या तलावाचं एक टोक बारा फूट खोल आहे. तिथल्या उंच खुर्चीवर मी आठ वर्षं बसते आहे, डोळ्यांत तेल घालून. या आठ वर्षांत अकरा माणसं मी बाहेर काढली. त्यांतला एक व्यायामशाळेचा मालक होता. बाहेर आल्यावर त्याने आधी पाणी ओकलं, मग श्वास घेतला आणि मग मला सांगितलं, "ताई, तुम्ही थोडं वजन कमी करायला हवं." त्याला परत आत टाकायचा माझा अधिकार नव्हता, एवढंच.

मला कुणी तोंडावर जाड म्हणत नाही. लोक सभ्य आहेत. ते म्हणतात, "जरा तब्येतीत आहेस." किंवा, "तब्येत सुधारली हं तुझी." शब्द तब्येतीचा आणि नजर कमरेवर. माझी खरी तब्येत विचाराल तर रक्तदाब उत्तम, साखर उत्तम, आणि छाती अशी की पाण्याखाली मी दोन मिनिटं राहू शकते. दरवर्षी डॉक्टर तसं लिहून देतात. तो कागद कुणी वाचत नाही.

चार महिन्यांपूर्वी नवे साहेब आले. पहिल्या दिवसापासून ते मला पाण्यात पाहत होते, आणि मी कामच पाण्यात करत असल्यामुळे त्यांची चांगली सोय झाली. त्यांनी कुठल्याशा तक्त्यात काहीतरी वाचलं आणि फळ्यावर सूचना लावली. गुरुवारी सर्व कर्मचाऱ्यांची वजनं होतील. ज्याचं वजन ऐंशी किलोच्या वर, त्याने खोल टोकाला बसायचं नाही. त्याला चाव्यांच्या खिडकीत बसवतील, कपाटांच्या चाव्या देत-घेत. तलावावर ऐंशीच्या वर मी एकटी होते, हे कपडे बदलायच्या खोलीतल्या आरशालाही माहीत होतं.

आणि हे वजन अचूक व्हावं म्हणून साहेबांनी वजनमापांच्या कार्यालयातून काटा तपासणारा माणूस बोलावला होता. तोच हा, जिन्यावरचा.

सकाळची तुकडी संपल्यावर मी ओल्या केसांनी वर गेले. उगाच गेले, हे कबूल करते. तो गुडघ्यांवर बसून काट्याच्या सांध्यांत ब्रश फिरवत होता. आमचा काटा जुना आहे, उभा, डोळ्यांच्या उंचीला आडवी दांडी आणि त्या दांडीवर सरकणारं वजन.

"हे हातमोजे कशाला?" मी विचारलं.

"हाताचा घाम लागला तर वजनं बिघडतात."

"सकाळी मी नुसत्या हातांनी आणली की."

"हो... बघितलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो." तो ब्रशकडे बघत म्हणाला. "मग म्हटलं, नंतर पुसू."

दांडीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा, टोपणासारखा पोकळ एक पितळी तुकडा होता. तो काय, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पासंग. काटा रिकामा असताना दांडी सरळ राहायला हवी. ती ज्या बाजूला हलकी पडते तिथे हा लावायचा."

"पासंगालाही पुरत नाही म्हणतात तो पासंग? एवढासा?"

"एवढासाच असतो. पण टोकावर असल्यामुळे याच्या ग्रॅमांनी आकड्यात किलोंचा फरक पडतो. यात कुणी लबाडी केली ना, की काटा हवी त्याची बाजू घेतो. म्हणून आधी रिकामी दांडी बघायची. ती सरळ नसेल तर पुढचं सगळं खोटं."

वीस-वीसची दोन झाली, पेटीतली बारकी झाली. आणखी वजनं खाली गाडीत होती. तो उठून जिन्याकडे बघायला लागला आणि त्याच्या चेहऱ्यावर त्या सगळ्या पायऱ्या दिसल्या.

"मला ठेवा," मी म्हटलं.

"अं?"

"काट्यावर. मी काही कमी भार नाही."

"हे नियमात बसत नाही," असं पुटपुटत त्याने पेन्सिलच्या टोकाने वजन सरकवलं. दांडी डोलली, थांबली. "शहाऐंशी किलो चारशे ग्रॅम." मला उतरवून परत चढवलं. शहाऐंशी चारशे. तिसऱ्यांदाही तेच. आवाजात ना हळहळ, ना सल्ला. जिन्याच्या पायऱ्या मोजल्यासारखा त्याने तो आकडा वहीत लिहिला.

"तुम्ही फार स्थिर उभ्या राहता," तो म्हणाला.

"का, बाकीचे काय करतात?"

"श्वास रोखतात. पोट आत घेतात. घड्याळ काढतात. एकांनी तर कवळी काढून माझ्या हातात दिली होती."

"मी श्वास रोखला असता तर तुमचा दोन मिनिटं खोळंबा झाला असता."

तो हसला. मग फळ्यावरची सूचना आठवली असावी, कारण हसू अर्ध्यातच राहिलं. "गुरुवारी... तुमचंही वजन आहे?"

"माझंच आहे. बाकीचे सोबतीला."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तो परत आला. म्हणे एका स्क्रूला तेल द्यायचं राहिलं होतं. बुधवारी आला तेव्हा म्हणे काट्यावर तपासणीचा शिक्का नीट उमटला नव्हता. स्क्रू आणि शिक्का मिळून वीस मिनिटांचं काम, पण गडी दोन्ही दिवस काठावरच्या बाकावर तासभर बसला. पाण्याचे शिंतोडे उडाले की पाय वर घ्यायचा.

"कामं नाहीत का तुम्हाला?" बुधवारी दुपारी खुर्चीवरून उतरताना मी विचारलं.

"आहेत ना. तीन दुकानं आणि एक दवाखाना राहिलाय."

"मग?"

"मग... राहिलंय." त्याने चष्मा पुसला. "एक विचारू? तुम्हाला कधी वाटत नाही का, की... म्हणजे सगळे बघतात तेव्हा..."

"वाटायचं. शाळेत असताना मी टॉवेल गुंडाळून काठापर्यंत यायचे आणि टॉवेल सोडायच्या आत उडी मारायचे. एकदा टॉवेलसकट मारली. नाकातोंडात पाणी गेलं, सगळे हसले, आणि मला कळलं की बुडण्यापेक्षा हसलेलं परवडतं. तुमचं काय? तुम्हाला कोण बघणार?"

"मला?" तो म्हणाला. "काडी, सापळा, हँगर. आमच्या घरी पाहुणे आले की आधी मला उभं करायचे आणि विचारायचे, याला खायला देता ना? बाबा दिसेल त्या काट्यावर चढवायचे. दर वेळी आकडा बघून त्यांचा चेहरा पडायचा. मला वाटायचं, काटाच चुकत असेल. ते बघायलाच बहुतेक या धंद्यात आलो."

"मग? चुकत होता?"

"नाही. काटा बरोबरच होता." तो म्हणाला, "पण मीही बरोबर होतो, हे कळायला फार वर्षं लागली."

खरं सांगते, माझं मन त्याच्यावर बसलं ते या वाक्याला. आणि म्हणूनच मी त्याला ते सांगितलं, जे आईलाही सांगितलं नव्हतं. घरी आई तीन दिवस माझ्या ताटात निम्मंच वाढत होती आणि म्हणत होती, "तीन दिवस तरी मनावर घे गं, नोकरीचा प्रश्न आहे." मी ताट पुढे करून उरलेलं निम्मं मागून घ्यायचे आणि वरून हसायचे.

"मला भीती वाटतेय," मी त्याला म्हटलं. "त्या खिडकीत मी नाही बसू शकणार. कुणी बुडायला लागलं की मला ते आवाजाआधी कळतं. ते मी चाव्या देत देत ऐकायचं का?"

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "काळजी करू नका. होईल काहीतरी."

माझ्याकडे न बघता म्हणाला. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

गुरुवारी आम्ही सगळे प्रथमोपचाराच्या खोलीत रांगेत उभे. वजनं साहेब स्वतः करत होते. काटेवाला आकडे लिहायला वही घेऊन कोपऱ्यात. सगळ्यांचे आकडे साहेबांना जरा कमीच वाटले, पण कमी आकड्याबद्दल कोण तक्रार करतो? माझा नंबर शेवटी आला. मी चढले. साहेबांनी वजन सरकवलं, परत सरकवलं, चष्मा वर करून वाचलं.

"एकोणऐंशी चारशे," ते म्हणाले. "वा. बघा, मनावर घेतलं की होतं. उगाच घाबरत होतात."

अर्धा क्षण मला आनंद झाला. खोटं का बोलू, झाला. खुर्ची वाचली, चाव्या टळल्या, आई आज पोटभर वाढेल. तो अर्धा क्षण मला अजून टोचतो. मग मी खाली उतरले, साहेबांनी वजन शून्यावर नेलं, आणि मी पाहिलं की रिकाम्या काट्याची दांडी सरळ नव्हती. तिचं टोक खाली झुकलेलं होतं.

मी कोपऱ्यात बघितलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. साहेबांचा राग मला चार महिने होता, पण तो राग घरच्यासारखा झाला होता. हा वेगळा होता. साहेबांना मी नकोच होते. याला मी हवी होते, आणि तरी यानेही माझ्यातले सात किलो काढून ठेवले.

"काटा चुकतोय, साहेब," मी म्हटलं. "माझं वजन शहाऐंशी किलो चारशे ग्रॅम आहे."

साहेब माझ्याकडे वळले.

"अहो, कमी दाखवतोय तर—"

"कमी दाखवतोय म्हणूनच सांगते. रिकामी दांडी बघा."

साहेब दांडी बघायला वाकले, पण त्यांना त्यातलं काही कळेना. तेवढ्यात काटेवाला पुढे आला. पासंगाच्या पितळी टोपणात बोट घालून त्याने शिशाचा एक तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला.

"मी केलं," तो म्हणाला. "काल. यांना कल्पना नव्हती. माझ्या कार्यालयाला मी स्वतः कळवतो." मग माझ्याकडे वळला. "चूक झाली माझी."

"चढते मी परत," मी म्हटलं, आणि चढले. शहाऐंशी चारशे. मी तो आकडा साहेबांच्या आधी मोठ्याने वाचला. तीस माणसांना पोहायला शिकवताना लागतो तेवढ्या आवाजात वाचला.

साहेबांना आता आपली बाजू सापडली होती. "मग नियमाप्रमाणे तुम्हाला खिडकीत—"

"नियम फळ्यावरचा की तलावाच्या नियमवहीतला? वहीत लिहिलंय, खोल टोकाच्या माणसाने बुडणाऱ्याला एका दमात तळातून वर आणून काठाला लावायचं. दरवर्षी परीक्षा घ्यायची. तुम्ही आल्यापासून झालेली नाही. आत्ता घ्या."

"आत्ता? कुणाला काढणार?"

"तुम्ही चला की. बुडा."

रांगेत कुणीतरी हसू दाबलं. साहेबांनी कोटाच्या बटणाला हात लावला, जणू मी ते काढून घेणार होते. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"मी बुडतो."

आम्ही सगळे खाली आलो. मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं, पण कामाचं विचारणं भाग होतं. "पोहता येतं?"

"नाही," काटेवाला म्हणाला. बूट काढले, मोजे बुटांत नीट घातले, चष्मा साहेबांच्या हातात दिला, आणि बारा फूट पाण्यात पाऊल टाकलं.

तो खरोखर दगडासारखा गेला. अंगावर तरंगण्यापुरतं काही नव्हतंच बिचाऱ्याच्या. मी उडी मारली. पाण्यात गेले की माझं सगळं मला मिळतं. मांड्या, दंड, पाठ, ज्याला लोक तब्येत म्हणतात ते सगळं कामाला लागतं. तळाशी तो डोळे घट्ट मिटून उभा होता, हात अंगाशी घेऊन. त्याने मला घट्ट धरलं नाही, ओढलं नाही, काही केलं नाही. बुडणारी माणसं असं कधीच करत नाहीत. मी येणार हे त्याला माहीत होतं.

त्याच्या काखेतून हात घालून मी तळाला लाथ मारली आणि आम्ही वर आलो. काठावर त्याला पालथा घातला, पाणी काढलं, पाठ थोपटली. गरजेपेक्षा जरा जोरात थोपटली.

"सोळा सेकंद," साहेब हळूच म्हणाले. त्यांच्या एका हातात घड्याळ होतं आणि दुसऱ्यात चष्मा. "वहीत पन्नास दिलेत."

"लिहा मग," मी म्हटलं. "आणि दरवर्षी घ्या. सगळ्यांची घ्या. बारीक असला म्हणून कुणाला सोडू नका."

त्यांनी लिहिलं. लिहिताना तोंड वाकडं होतं, पण अक्षर सरळ होतं. त्या संध्याकाळी फळ्यावरची सूचना निघाली. सगळे पांगले तेव्हा तो अजून ओल्या फरशीवर बसून खोकत होता.

"सात किलो कमी करून तुला कोण हवी होती?" मी विचारलं. 'तू' कधी झाला ते मला कळलं नाही.

"मला वाटलं... तुझं काम वाचेल."

"माझं काम मी वाचवते."

"हो. आत्ताच कळलं."

"हसू नकोस. मला राग आलाय."

"हसत नाहीये. दात वाजतायत." मग तो खरंच गंभीर झाला. "लहानपणी बाबा माझ्या खिशात चिल्लर भरायचे, काट्यावर चढवायच्या आधी. पाहुण्यांसमोर लाज जायला नको म्हणून. मला त्यांचा किती राग यायचा. आणि मी तुझ्या बाबतीत तेच केलं."

मी टॉवेल त्याच्या अंगावर टाकला आणि निघून गेले. माफ केलं नाही. इतक्या लवकर माफ करायला मी काही देवता नाही.

त्याच्या कार्यालयाने तीन महिन्यांसाठी त्याचा शिक्का काढून घेतला आणि त्याला टेबलावर बसवलं. हे मला त्याने सांगितलं ते नवशिक्यांच्या सायंकाळच्या तुकडीत, कंबरभर पाण्यात उभं राहून. नाव त्याने स्वतःच घातलं होतं. तुकडीत बाकी सगळ्या पन्नाशीच्या बायका. त्या त्याला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काय रे, घरी जेवायला घालतात ना?" आणि तो म्हणाला, "पोटभर घालतात, मावशी. मी असाच आहे." कसलंही स्पष्टीकरण नाही, ओशाळणं नाही. मी शिट्टी तोंडात धरून हसू लपवलं.

पाच आठवडे मी त्याच्याशी फक्त पाण्यापुरतं बोलले. पाय मार. मान सैल सोड. श्वास सोड आधी. तो सगळं ऐकायचा आणि तरी बुडायचा. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी मी त्याच्या पाठीखाली तळहात धरला, आणि मग हळूच काढून घेतला, आणि तो राहिला. तरंगला. कान पाण्याखाली, डोळे छताकडे, चेहऱ्यावर भलतंच आश्चर्य.

त्याला काही ऐकू येत नव्हतं. म्हणून मी म्हणून टाकलं.

"मला आवडतोस तू."

ओठ हललेले त्याला दिसले. तो गडबडला, बुडाला, खोकत उभा राहिला. "काय? काय म्हणालीस?"

"काही नाही."

"नाही, म्हणालीस. काहीतरी म्हणालीस तू."

काठावरच्या मावश्यांनी पाय मारणं थांबवलं होतं. वरच्या खिडकीत साहेबांचं डोकं दिसत होतं. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे बघितलं होतं, आडून, तिरकं, टॉवेलच्या वरून आणि खालून. बघायचंच आहे ना, म्हटलं, तर आज नीट बघा.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, आणि तो आवाज छताला लागून परत आला. "आहे तशी मी, आणि आहेस तसा तू. उद्या मी नव्वदची झाले तरी. तुला काय म्हणायचंय?"

त्याच्या पापण्यांवरून पाणी गळत होतं. तो एक पाऊल पुढे आला आणि माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने," मी म्हटलं.

आणि त्याने मोठ्याने सांगितलं.